भिंतीचं खरबरीत टेक्स्चर काढायचंय? आधी पाणी मारून बघा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी सांगली-मिरजेत नवीन बंगला किंवा फ्लॅट झाला की हॉलची एक भिंत तरी टेक्स्चरची पाहिजेच अशी लाट होती. टीव्हीच्या मागं खरबरीत तांबडी नाहीतर सोनेरी भिंत, जिन्याला रोलरचं टेक्स्चर, काही हौशी लोकांनी तर स्लॅबलापण मारून घेतलं. आता त्याच भिंतींवर धूळ बसून काळे पट्टे पडलेत, जळमटं काढताना केरसुणीचे हीर अडकतात, आणि घरातली तरुण मंडळी म्हणतायत की हे काढा आणि प्लेन करा. पेंटरला बोलवलं तर एक सांगतो सगळं ग्राइंडरनं उडवावं लागतंय आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतो, दुसरा म्हणतो काय काढत बसताय, त्याच्यावरच पुट्टी ओढतो की. गंमत म्हणजे दोघंही काही भिंतींच्या बाबतीत बरोबर असतात आणि काहींच्या बाबतीत साफ चूक, कारण सगळं अवलंबून आहे ते भिंतीवर नेमका कुठला माल बसलाय त्याच्यावर, आणि ते बघायला दोघांपैकी कुणीच थांबत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याला भिंत प्लेन पाहिजे, नागडी नाही. सिमेंट दिसेपर्यंत खरवडायचा हट्ट बहुतेक घरांत फुकटचा असतो, त्यात हात जातात, घर धुळीनं भरतं आणि खालचा चांगला गिलावा उगं जखमी होतो. घट्ट बसलेल्या टेक्स्चरचे नुसते उंचवटे उतरवायचे आणि खड्डे भरायचे, सुटलेलं तेवढं मुळापासून काढायचं. मोठा अपवाद एकच, पुराचं पाणी चढलेली भिंत, तिथं उलटं आहे, त्याचं पुढं सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं ते लई घरांना लागू आहे.

तर ओळखायचं कसं. कपाटामागं किंवा दाराच्या मागं असा कोपरा घ्या जिथं बिघडलं तरी कुणाला दिसणार नाही. स्प्रेच्या बाटलीनं हातभर जागा चांगली भिजवा, वीस मिनिटं थांबा, परत एकदा भिजवा आणि मग जुन्या पुट्टीच्या पत्र्यानं खरवडून बघा. माल मऊ होऊन लगद्यासारखा आला तर तो चुना, साधा डिस्टेंपर किंवा रंग न मारलेलं पीओपी, तुमचं नशीब चांगलं, नुसत्या पाण्यावर काम होणार. पाणी मोत्यासारखं थेंब होऊन वरच थांबलं, आत गेलंच नाही, तर वर प्लॅस्टिक पेंट किंवा ऑइल पेंट आहे. आता कापसावर स्पिरिट घेऊन जोरात घासा, रंग कापसाला लागायला लागला तर बहुधा अ‍ॅक्रिलिक म्हणजे आपण ज्याला प्लॅस्टिक म्हणतो ते, काहीच लागलं नाही तर ऑइल पेंट. आणि तिसरा प्रकार असा की पाणी पटकन पिऊन घेतलं पण माल दगडासारखा तसाच राहिला, तर तो व्हाइट सिमेंटचा किंवा सरळ सिमेंट-वाळूचा आहे. तो पाण्यानं हलत नाही, त्याला काढायच्या नादाला घरच्या माणसानं लागूच नये, तो झाकायचा.

एकाच भिंतीत तीन-तीन थर सापडणं काही नवल नाही, खाली चुना, त्यावर ऑइल पेंट, त्यावर टेक्स्चर. कटरनं नखाएवढी चौकोनी चीर पाडून बघितलं की कितवा थर खालच्याला धरून नाही ते कळतं, आणि तोच खरा महत्त्वाचा, कारण वर तुम्ही कितीही भारी पुट्टी लावा, सुटायचं तर ते तिथूनच सुटणार.

मग भिंत वाजवून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करत सगळीकडं फिरायचं. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब आवाज आला तर तिथं गिलावाच सुटलाय, खडूनं गोल करून ठेवा. स्लॅबच्या खालच्या बाजूला हे फार जपून करा, लांब काठीनं, आणि थेट खाली उभं न राहता. स्लॅबचा गिलावा पोकळ वाजत असेल, गजाच्या रेषेत सरळ चिरा दिसत असतील किंवा तांबूस डाग उमटले असतील तर आतलं लोखंड गंजून फुगलंय, तो रंगाचा विषयच राहिला नाही. तिथं टेक्स्चर बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरवाल्या इंजिनिअरला दाखवा, खरवडताना घमेलंभर गिलावा डोक्यात पडला तर हेल्मेटपण कमी पडंल.

यूट्यूबवर बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून घाबरलेले लोक विचारतात की टेक्स्चरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं का. ते तिकडचं खरं आहे. इंग्लंडमध्ये छताला आर्टेक्स नावाचं टेक्स्चर घरोघरी असायचं, जुन्या मालात पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असे आणि तिथं त्याच्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली. अमेरिकेत ज्याला पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात त्यातपण असायचं, फवारून मारायच्या तसल्या सजावटीच्या मालावर तिथं १९७८ मध्ये बंदी घातली. म्हणून तिकडचे लोक आधी तुकडा लॅबला पाठवतात, मगच हात लावतात, आणि तुमचं कुणी तिकडं जुन्या घरात राहत असेल तर त्यानं तसंच करावं. आपल्याकडच्या घरात अ‍ॅस्बेस्टॉस भेटतं ते मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यात. भिंतीचं टेक्स्चर म्हणून जे विकलं गेलं ते अ‍ॅक्रिलिक, मार्बल पावडर, क्वार्ट्जचे दाणे असल्या मालाचं. पण वरच्या खोलीला किंवा मागच्या शेडला जुना सिमेंटचा पत्रा असेल आणि त्याला कुणी आतून रंग मारला असेल तर तो खरवडू नका, घासू नका, भोक पाडू नका.

अ‍ॅस्बेस्टॉस नाही म्हणून धूळ निर्धोक असंही नाही बरं का. सिमेंट, वाळू आणि क्वार्ट्ज यांच्या बारीक धुळीत सिलिका असतं, ते फुप्फुसात जाऊन बसलं की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. एका खोलीच्या कामानं लगेच होईल असं नाही, पण दम्याचा पेशंट घरात असेल तर त्याला त्रास व्हायला एक दुपार पुरते. दुसरं म्हणजे शिसं. घरगुती रंगात शिसं दहा लाखात ९० भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडं २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटात, खास करून पिवळ्या, तांबड्या, हिरव्या गडद रंगात शिसं भरपूर असू शकतं. टेक्स्चरच्या खाली असला जुना ऑइल पेंट दिसला तर कोरडं घासायचं नाही, हीट गन लावायची नाही, आणि काम चालू असेपर्यंत लहान पोरं आणि गरोदर बाई घरात नकोत, सरळ माहेरी नाहीतर पाहुण्याकडं पाठवा. म्हणून सगळं काम ओलं करायचं, जेवढं ओलं तेवढी धूळ कमी.

मास्क एन ९५ चा घ्या, तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. डोळ्याला चारी बाजूंनी बंद गॉगल, कारण वर बघून काम करताना सगळं डोळ्यातच येतं आणि चुना डोळ्यात गेला तर जाळतो. गेलाच तर चोळू नका, नळाच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि सरळ डॉक्टरकडं जा. डोक्याला टोपी, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट.

खोली तयार करायला कंटाळा करू नका, निम्मा वैताग इथंच वाचतो. सामान बाहेर काढा, नाही निघालं तर मधोमध लोटून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळा. फरशीवर आधी प्लॅस्टिक आणि त्यावर जुनी चादर किंवा पोती अंथरा, नुसत्या प्लॅस्टिकवर ओला लगदा पडला की पाय घसरतो आणि तुम्ही शिडीवर असताना ते परवडणारं नाही. दाराला ओली चादर लावा म्हणजे धूळ बाकीच्या घरात जात नाही. आणि लाइट. भिंतीवर पाणी मारणार आहात, तेव्हा त्या खोलीचा एमसीबी पाडा, टेस्टरनं खात्री करा, पंखा आणि दिवे उतरवून ठेवा, वायरची टोकं टेप लावून बंद करा, स्विचबोर्डवर प्लॅस्टिक लावून कडेनं टेप मारा. उजेडाला दुसऱ्या खोलीतून वायर घेऊन दिवा ठेवा, तोही पाण्यापासून लांब. पंखा उतरवायला जमत नसेल तर वायरमनला बोलवा.

पाणी मारायला कुंड्यांना वापरतात तो दोन लिटरचा हातपंप बरा पडतो. आपल्या भागात द्राक्षबागेमुळं घरोघरी फवारणीचा पंप असतो आणि कुणाच्या तरी डोक्यात येतंच की तोच वापरू. वापरू नका. कितीही धुतला तरी टाकीत, नळीत औषधाचा अंश राहतो आणि तुम्ही तो बंद खोलीत डोक्याच्या वर फवारणार आहात. नवीन पंप घ्या, तो काय महाग नसतो.

आता पाण्यानं मऊ होणारा माल. एका वेळी साधारण तीन बाय तीन फुटाचाच तुकडा घ्या, सगळी भिंत एकदम भिजवली तर पहिल्या टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक वाळलेलं असतं. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले तर पाणी आत लवकर मुरतं. भिजवा, पंधरा मिनिटं थांबा, परत भिजवा, मग पत्रा लावा. पत्रा चार ते सहा इंच रुंद, आणि त्याचे दोन्ही टोकदार कोपरे आधी कानशीनं गोल करून घ्या, ही एवढीशी गोष्ट कुणी सांगत नाही पण भिंतीवर जे ओरखडे पडतात ते सगळे त्या कोपऱ्यांनीच पडतात. पत्रा भिंतीला जवळपास आडवा धरून पुढं लोटायचा, उभा धरून ओढायचा नाही. जोर लावायला लागला म्हणजे पाणी कमी पडलंय, हात नाही पाणी वाढवा. वर रंगाचा थर असेल आणि त्यामुळं पाणी आत जात नसेल तर आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी मारत-मारत वरची कातडी फोडा किंवा कटरनं आडव्या-उभ्या चिरा मारा, मग भिजवा.

जुन्या घरात सावध व्हायची एक जागा आहे. सिमेंटच्या गिलाव्यावर नीरू फिनिश, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत शेवटचा हात, असेल, आणि आपल्याकडं जुन्या घरांत असतंच, तर नीरूपण चुन्याचंच, जास्त पाणी पिलं की तेही मऊ होतं आणि टेक्स्चरबरोबर उचकटून येतं. पांढरा गुळगुळीत थर दिसायला लागला की थांबा, तो आपला खालचा तळ आहे, तो काढायचा नाही. खाली गेलाच असेल एखाद्या जागी तर नंतर लांबी, म्हणजे भरायची पुट्टी, भरून घ्या, घाबरायचं कारण नाही.

स्लॅबचं काम भिंतीसारखंच पण तिप्पट वेळखाऊ. शिडीच्या टोकावर उभं राहून मान वर करून काम करू नका, दोन घोड्यांवर जाड फळी टाकून फिरता येईल असा माचा करा, डोकं स्लॅबपासून हातभर खाली राहील एवढी उंची ठेवा. खिडकीच्या बाजूनं सुरू करून आत या म्हणजे उजेड तिरका पडतो आणि राहिलेलं दिसतं. अर्ध्या-पाऊण तासानं खाली उतरून मान मोकळी करायचीच, वर बघून-बघून चक्कर येते आणि ती माच्यावर आली तर अवघड. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला टेक्स्चर असेल तर पाणी मारूच नका, बोर्ड फुगतो आणि खाली वाकतो. तिथं उंचवटे कोरडेच हलक्या हातानं उतरवा, मास्क लावून, नाहीतर सीलिंगवाल्याला सांगून तेवढे बोर्डच बदलून घ्या, हिशेब केला तर बऱ्याचदा ते स्वस्त पडतं.

आता प्लॅस्टिकवालं, म्हणजे खरं आपल्याकडचं नव्वद टक्के दुखणं. अ‍ॅक्रिलिक टेक्स्चर पाण्यानं विरघळत नाही पण तासभर ओलं ठेवलं तर जरा लवचिक होतं, आणि जिथं पकड कच्ची आहे तिथं पत्रा घालून लोटलं की पापुद्रे निघतात. निघतं तेवढं काढा. जे निघत नाही ते चांगलं बसलंय, त्याला राहू द्या, त्याचे फक्त शेंडे उतरवा. रुंद पत्रा भिंतीवर सपाट ठेवून ढकलत गेलं की टोकं तुटतात, मग जाड दाण्याचा, ४० किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पाणी मारत घासायचं. हात फिरवल्यावर तळव्याला टोचत नाही आणि सरळ पट्टी लावल्यावर खालची फट दीड-दोन मिलिमीटरच्या आत आली की बास.

ग्राइंडरचं विचाराल तर चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो, त्याला कप व्हील, म्हणजे घासायची वाटीसारखी चकती, लावून भिंतीवर फिरवलं की काम भरकन होतं हे खरं, पण धूळ अशी उठते की शेजारचा ओरडत येतो, आणि नवख्याच्या हातात जरा तिरका झाला की भिंतीत चंद्रकोरी खड्डे पडतात. शिवाय ओल्या भिंतीवर विजेचं साधन चालवायचं नाही, म्हणजे हे कोरडंच करावं लागतं. करायचंच असेल तर धूळ ओढणारा कव्हर आणि मागं व्हॅक्यूम लावलेला वॉल सँडर भाड्यानं मिळतोय का बघा, तोपण भिंतीसाठी. डोक्याच्या वर धरून स्लॅबला ग्राइंडर लावणं हे रोजच्या सवयीच्या कारागिराचं काम आहे, आपलं नाही.

पेंट रिमूव्हरचा डबा दुकानदार लगेच पुढं करतो. दरवाजा, ग्रिल यासाठी ठीक आहे, पण अख्ख्या भिंतीला, त्यातून बंद खोलीत, नको. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं, त्याची वाफ अंगात गेली की शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बाहेरच्या देशात बंद बाथरूममध्ये काम करताना माणसं मेलीत त्यानं. स्लॅबला तर विषयच सोडा, ते खाली तोंडावर गळतं. कॉस्टिक सोडा वापरणारे जुने पेंटर आहेत, तो कातडी जाळतो आणि भिंतीत राहिला तर पुढचा रंग धरत नाही. हीट गननं अ‍ॅक्रिलिक मऊ होतं पण टेक्स्चरसारखा जाड थर तापायला वेळ लागतो आणि तोपर्यंत वरचं करपून धूर होतो, एखाद्या हट्टी कोपऱ्यापुरतं ठीक.

झालं, आता भरायचं काम, आणि इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. पोत्यात मिळते ती व्हाइट सिमेंटची पुट्टी सिमेंट किंवा पुट्टीच्या कोऱ्या तळावर चांगली बसते, कारण तिला पाणी पिणारा तळ लागतो. राहिलेल्या प्लॅस्टिक टेक्स्चरवर ती थेट ओढली तर वाळल्यावर छान दिसते आणि एखाद्या पावसाळ्यानंतर पोपडे धरून सुटते, मग सगळे पुट्टीच्या कंपनीला शिव्या देतात. प्लॅस्टिक राहिलं असेल तर आधी भिंत पुसून धूळ काढा, पॉलिश पेपरनं घासून चमक घालवा, पूर्ण वाळू द्या, मग दुकानात प्लॅस्टरचं बाँडिंग एजंट मागा, ज्यात बारीक वाळूचे दाणे असतात असं, त्याचा एक हात रोलरनं मारा म्हणजे पुढच्या मालाला धरायला खरबरीत तळ मिळतो. खड्ड्यांची खोली कमी असेल, म्हणजे अर्धा-एक मिलिमीटर, तर बाँडिंगऐवजी प्राइमर मारून तयार मिळणारी अ‍ॅक्रिलिक पुट्टी पातळ दोन हात ओढली तरी चालतं, पण ती फक्त आतल्या कोरड्या भिंतीला.

व्हाइट सिमेंट पुट्टी दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर चढवायची नाही, पोत्यावर लिहिलेलं असतं पण वाचतं कोण. खड्डे त्याहून खोल असतील तर जाड दाण्याची लेव्हलिंग पुट्टी मिळते, आधी ती. कालवताना पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नाही, नाहीतर गुठळ्या मोडत बसाल, आणि श्रीखंडाएवढी घट्ट झाली की थांबा. दोन तासांत संपेल तेवढीच कालवा, घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत परत पाणी घालून चालवायचं हे काम बरेच कारागीर करतात, तुम्ही करू नका, तिचा जोर गेलेला असतो. पहिला हात खालून वर, वाळल्यावर दुसरा आडवा. मग १८० आणि शेवटी २२० नंबरचा पेपर. रात्री खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवून तिरकी मारा, दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, तिथं पेन्सिलनं खूण करून परत लांबी भरा. मग प्राइमर आणि रंग. जिथं टेक्स्चर होतं तिथं चमकदार रंग घेऊ नका, थोडी जरी लाट राहिली तरी चमकेत उठून दिसते, मॅट घ्या. स्लॅबला तर मॅटच.

सगळं झाकूनच टाकायचं असेल तर जिप्सम प्लास्टर हा तिसरा मार्ग आहे, बाँडिंग एजंट मारून त्यावर सहा-सात मिलिमीटरचा थर, क्युरिंग, म्हणजे रोज पाणी मारणं, लागत नाही, भिंत आरशासारखी होते. पण ते कसलेल्या कारागिराकडूनच, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला नको, आणि पूर येतो त्या भागात तळमजल्याला तर मुळीच नको, कारण पाण्यात जिप्सम टिकत नाही.

आता पुराच्या भिंती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटाच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे यावरून अंदाज घ्या, आणि २०२१ मध्ये परत पूर. गावभाग, सांगलवाडी, शामरावनगर, मारुती चौकाकडच्या कितीतरी घरांत कमरेएवढ्या, कुठं डोक्याच्या वर पाण्यात भिंती दिवसच्या दिवस उभ्या होत्या. पाणी उतरल्यावर लोकांनी भिंत वरून वाळलेली बघून डाग लपवायला त्याच्यावर टेक्स्चर मारून घेतलं. आत ओल, बाहेर प्लॅस्टिकचा जाड थर, ओलीला बाहेर पडायला वाटच नाही. ती वर सरकते, बरोबर मीठ आणते, आणि टेक्स्चरच्या मागं पांढरा खार साचून फुगवटे येतात. ह्या भिंतीला शेंडे उतरवून पुट्टी ओढणं म्हणजे पैसे कृष्णेत टाकणं.

तिथं टेक्स्चर पूर्ण काढायचं, मुळापासून. सोपं जातं कारण ते सुटायलाच आलेलं असतं, पत्रा मागं घातला की ताव निघतात. खाली गिलावा भुसभुशीत लागला, बोटानं वाळू झडायला लागली तर तोही पाडा, ओलीच्या वरच्या रेषेपासून अजून दीड-दोन फूट वरपर्यंत, विटा उघड्या करा. पांढरा खार दिसंल तो कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा, धुवायचा नाही, धुतला की विरघळून परत विटेत शिरतो. हे कोरडं काम आहे तेव्हा मास्क घट्ट लावा. आणि मग वाळू द्या, खरंच वाळू द्या, फॅन लावून, खिडक्या उघड्या ठेवून, आठवड्यात नाही तर महिन्यात मोजायचं. वाळली का बघायला फूटभर चौकोनी जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, एक दिवस-रात्र ठेवा, आतल्या बाजूला दव धरलं तर अजून वेळ आहे. हे काम दिवाळीनंतर सुरू केलं तर उन्हाळ्यापर्यंत रंगाला भिंत तयार मिळते, गणपतीच्या तोंडावर करायला घेतलं तर मिळणार नाही. नवीन गिलावा केला की किमान सात दिवस पाणी, आणि रंगाआधी महिनाभर थांबायचं. वर आतून वॉटरप्रूफिंगचा कोट मारायचा मोह होतो, तो मारला तर परत तेच चक्र, त्यापेक्षा श्वास घेणारा साधा रंग बरा, दोन वर्षांनी परत मारावा लागला तरी.

साताऱ्याकडं जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींवर कुणी टेक्स्चर मारलं असेल तर त्यांनाही हेच लागू, काढायचं आणि वर पुट्टी-सिमेंट न लावता चुन्याचंच काम करणारा गवंडी शोधायचा. बाहेरच्या भिंतीचं रस्टिक टेक्स्चर मात्र कुणी काढू नये, सुटलेलं खरवडून चिरा भरून त्यावरच बाहेरचा रंग मारा, ऊन-पावसात ते ढाल म्हणून उभं असतं.

निघालेला मलबा ओला असतानाच पोत्यात भरा, पोतं निम्मंच भरा नाहीतर उचलणार नाही. घंटागाडीत, ओढ्यात किंवा गटारीत टाकू नका, पुट्टीचं पाणी मोरीत ओतलं की पाइपमध्ये जाऊन बसतं, मग प्लंबरचा खर्च वेगळा. बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडाबिडाला न घालता बाहेर मातीत ओता आणि खालचा गोळा पोत्यात. मलबा कुठं टाकायचा ते महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या तुमच्या भागातल्या आरोग्य विभागाला विचारा. जुना ऑइल पेंट खरवडलेला असेल तर तो वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधा, फरशी केरसुणीनं न झाडता ओल्या फडक्यानं दोनदा पुसा, आणि त्या दिवशीचे कपडे घरच्या बाकीच्या धुण्यात मिसळू नका.